बंद खोलीतली चौथी खुर्ची

माझ्या वहिनीच्या नखांच्या कडा कायम लालसर असतात. नेलपॉलिश नाही ते. काच घासायची बारीक लाल पावडर असते, ती नखांच्या कडांत जाऊन बसते आणि कितीही साबण लावा, निघत नाही. लग्न होऊन ती आमच्याकडे आली त्याच आठवड्यात आईने ती नखं बघितली आणि म्हणाली, "कष्टाचे हात आहेत गं पोरीचे." आता त्याच आठवड्यात मी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या होत्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, बाथरूमच्या झरोक्यासकट. माझ्या हातांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तिथून सुरू झालं. आधी आई, मग बाबा. बाबा सकाळचा पेपर स्वतः वाचायच्या आधी तिच्यापुढे ठेवायला लागले, कारण तिला लवकर निघायचं असतं. मलाही कॉलेजला लवकरच निघायचं असतं, पण मला पेपर नको असतो हे त्यांना कसं माहीत? विचारलं कधी? आणि दादा. दादा फ्रीज-एसी दुरुस्त करतो, दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकून येतो, घरी आला की माझ्याशी मस्ती करायचा, मला "ठिणगी" म्हणायचा. आता घरी आला की आधी विचारतो, "ती आली का?" ठिणगी गेली विझत.

आणि वाईट म्हणजे ती वाईट नव्हती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

ती काचेच्या कारखान्यात कामाला आहे. खिडकीच्या काचा नव्हेत, यंत्रांत बसतात त्या, भिंगं वगैरे. एकदा ती डबा विसरली आणि आईने मला पिटाळलं. लांबलचक शेड, रांगेने टेबलं, डोक्याला टोप्या घातलेली माणसं आणि कोणी बोलत नाही. वहिनी एका काळ्या चिकट गोल पाटावर काच फिरवत होती, अगदी हळू, जणू बाळाचं डोकं पुसतेय. मग तिने काच धुतली, पुसली आणि तिच्यावर तपासणीची दुसरी काच ठेवली. दिव्याखाली त्या दोन काचांच्या मध्ये रंगीत पट्टे उमटले.

"पट्टे वाकले तर काचेला पोट आलंय समजायचं," ती म्हणाली. "सरळ दिसले तर सपाट."

"हे तर वाकडे आहेत."

"म्हणून तर अजून डबा खाल्ला नाही."

इतकं मन लावून काही करणारी बाई मी आधी बघितली नव्हती. मला खूप छान वाटलं आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. मला असं काहीच येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी तीन बीकर फोडले होते.

तिथे एक पद्धत आहे. काचेवर आपल्या हातून ओरखडा पडला की आपणच मेणाच्या लाल पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल करायचा आणि काच भिंतीलगतच्या फळीवर नेऊन ठेवायची. कामगार तिला कबुलीची फळी म्हणतात. फळीवर ठेवलेल्या काचेबद्दल फोरमन कोणाला काही बोलत नाही. पण ओरखडा लपवून काच पुढे ढकलली आणि सापडली, तर सहा महिने धुण्याच्या विभागात. वहिनी मला हे सांगत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या दोन काचा फळीवर होत्या आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

शेडच्या टोकाला एक खोली आहे, नंबर दाबून उघडणाऱ्या दाराची. आत चारच खुर्च्या. जहाजांवर आणि विमानांत जी गुप्त यंत्रं बसतात, त्यांच्या काचा तिथे होतात. बाहेर वहिनी दिवसाला चाळीस काचांचं एकच काम करायची, तिसऱ्या टप्प्याचं. आधी काय झालं, पुढे काय होणार, तिचा संबंध नाही. आत मात्र एक माणूस एकच काच दोन महिने घेऊन बसतो, पहिल्या घासण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत. ती दादाला म्हणायची, "मला एक काच पूर्ण माझी हवीय. एकच." पगार दीडपट होता, पण पगाराचं ती कधी बोलली नाही. काचेचंच बोलायची.

गेल्या वर्षी त्या चारांतले एक म्हातारे कारागीर निवृत्त झाले. फोरमन वहिनीला म्हणाला, "खुर्ची तुझीच आहे, फक्त सरकारी मंजुरी आण." सुरक्षा मंजुरी. म्हणजे हा माणूस गुप्त गोष्टी सांभाळायला विश्वासाचा आहे का, याची सरकार चौकशी करतं. त्यासाठी सत्तावीस पानांचा फॉर्म.

आता मला माझी गोष्ट सांगायला लागणार, इलाज नाही.

फॉर्म यायच्या सहा महिने आधी वहिनी अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन सारखा वाजत होता. उचलला. एक बाई एकदम तोंडपाठ बोलायला लागली. चौदा हप्ते थकलेत, तीन नोटिसा झाल्यात, आता प्रकरण कोर्टात जाईल. मी "हो हो" म्हणत सगळं ऐकून घेतलं. वहिनी ओल्या केसांनी बाहेर आली, माझ्या हातातला फोन बघितला आणि तिचा चेहराच पडला.

लग्नाआधी तिच्या धाकट्या भावाला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. दोन मशिनं तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून घेऊन दिली. भावाने वर्षभरात दुकान बुडवलं आणि दुसऱ्या शहरात निघून गेला. हप्ते हिच्या गळ्यात. थोडे भरायची, मग राहायचे. एकूण देणं तिच्या आठ पगारांएवढं झालं होतं. तिच्या वडिलांना वाटत होतं की मशिनं मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतली. लग्न ठरवताना बाबांनी त्यांना सरळ विचारलं होतं, मुलीच्या नावावर काही देणं आहे का, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी छातीवर हात ठेवून नाही सांगितलं होतं.

"कोणाला सांगू नकोस हं," वहिनी म्हणाली. "मी फेडतेय. फेडून झालं की मीच सांगेन."

मी नाही सांगितलं. पण माझ्या चांगुलपणाने नाही. ते माझ्याकडे होतं ना, म्हणून. आई म्हणायची "वहिनीकडून शीक जरा," आणि मी मनात म्हणायची, हो का, काय काय शिकू? तोंडात गोळी ठेवल्यासारखं मी ते चघळत राहायची.

आणि मग मी मागायला लागले. आधी तिची स्कूटर. "वहिनी, आज मला हवीय." ती म्हणाली, मी बसने कशी जाऊ, उशीर होईल. मी नुसतं म्हटलं, "त्या फोनवाल्या बाईचा परत फोन आला होता का गं?" किल्ली मिळाली. मग तिचा निळा ड्रेस, तिच्या आईने दिलेला, अजून एकदाही न घातलेला. मग कानातले. मग माझ्या मैत्रिणींना पार्टी. प्रत्येक वेळी मी तेच, त्याच गोड आवाजात विचारायचे. ती द्यायची. काही बोलायची नाही, आणि ती बोलत नाही म्हणून माझा अजून जळफळाट व्हायचा.

तर फॉर्म आला.

आमच्या घरात फॉर्म बाबा भरतात. शाळेचा असो, गॅसचा असो, पासपोर्टचा असो. बाबा पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून होते, अक्षर असं की लोक लग्नपत्रिका लिहून घ्यायला यायचे. अख्ख्या इमारतीचे फॉर्म बाबाच भरतात. रविवारी जेवणाचं टेबल पुसायचं, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी समोर बसायचं. ते प्रश्न मोठ्याने वाचतात आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच देतात, कारण त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं असं त्यांना वाटतं.

"परदेशात नातेवाईक? नाही. व्यसन? चहा लिहू का?" बाबा खूष होते. सून सरकारी गुप्त खोलीत जाणार म्हणजे काय! "गेल्या सात वर्षांत कुठलं कर्ज थकलं आहे का, किंवा वसुलीला गेलं आहे का? हॅ! आपल्या घरात? एका पैचं नाही." आणि त्यांनी लिहिलं, "नाही". न ला असा झोकदार काना.

वहिनीने तोंड उघडलं होतं. मी बघितलं. मी समोरच बसले होते, मला तिचे दात दिसले. मग तिने आईकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि माझ्याकडे. मी भुवया उडवल्या. तिने तोंड मिटलं. शेवटच्या पानावर "वरील माहिती खरी आहे" च्या खाली सही केली.

महिन्याभराने चौकशीवाले काका घरी आले. मला वाटलं होतं काळा चष्मा वगैरे असेल. साधे होते, झिजलेल्या चपला, फाटत आलेली बॅग. आईने त्यांना चहा दिला, त्यांनी तो थंड होऊ दिला. एकेकाला आतल्या खोलीत बोलावून दार लावून घेत होते. माझी पाळी आली.

"तुमच्या वहिनींचं कुठे काही देणं थकलंय असं कधी कानावर आलं?"

मी ठरवून काही केलं नाही. खरंच. पण त्याच सकाळी आईने मला म्हटलं होतं, "तिची मंजुरी होऊ दे, मग बघ, स्थळं बघताना तुझाही भाव वाढेल." तिच्यामुळे माझा भाव! मी एका दमात सगळं ओकले. भाऊ, मशिनं, चौदा हप्ते, गच्चीवर जाऊन घेतलेले फोन, रडणं. रडणं मी बघितलं नव्हतं, तेही घातलं.

काकांनी काही लिहून घेतलं नाही. त्यांनी मांडीवरच्या फाइलचं पान उलटलं, आणि मला उलटं दिसलं तरी कळलं. त्या कर्ज कंपनीचं नाव, रक्कम, थकलेले हप्ते, तारखांसकट. त्यांच्याकडे सगळं आधीच होतं. मी इतकी मोठी गद्दारी केली आणि ती फुकट गेली.

"हे घरात कोणाकोणाला माहीत आहे?"

"फक्त मला."

"अच्छा." ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते. "मग तुम्ही गप्प राहावं म्हणून त्यांनी तुम्हाला कधी काही दिलं? किंवा तुम्ही मागितलं?"

माझ्या कानात तिचेच कानातले होते.

"नाही," मी म्हटलं.

हे मात्र त्यांनी लिहून घेतलं.

चार दिवसांनी वहिनीला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. संध्याकाळी आली ती चपला काढून सरळ टेबलाशी. "बाबा, पेन घ्या. एक खुलासा लिहायचाय. सात दिवसांची मुदत आहे."

"कसला खुलासा?"

"लिहा. मी सांगते."

बाबांनी कागद घेतला. आई हात पुसत आली, दादा मोबाईल ठेवून बसला. वहिनी उभीच राहिली. "मूळ फॉर्ममधल्या कर्जाबाबतच्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे. माझ्या नावावर कर्ज आहे आणि त्याचे अठरा हप्ते थकले आहेत."

बाबांचं पेन थांबलं. "तुझे वडील मला म्हणाले होते..."

"त्यांना माहीत नव्हतं बाबा. त्यांच्यावर रागावू नका. फॉर्म भरताना माझं चुकलं. कामावर असते तर मी स्वतः लाल पेन्सिलीने गोल केला असता. इथे तुमचं अक्षर इतकं सुंदर उमटलं होतं, आणि तुम्ही इतके खूष होतात, मला खोडा म्हणवलं नाही."

दादा म्हणाला, "अगं मला तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू भरले असतेस. मग आई विचारणार, पैसे कुठे जातात."

"मी अशी आहे का?" आई म्हणाली. दादाने खाली बघितलं. आई खुर्ची ओढून बसली.

वहिनी म्हणाली, "ते साहेब काय म्हणाले सांगू? म्हणाले, देणं थकलेल्या माणसांना आम्ही रोज मंजुरी देतो. आजारपण असतं, नोकरी जाते, भाऊ पळून जातो. फेडायची धडपड दिसली की पुरे. पण जो माणूस देणं लपवतो त्याला कोणीही पकडीत घेऊ शकतं. सांगू का तुझ्या घरी, म्हणायचं, आणि काय हवं ते काढून घ्यायचं. आज पैसे मागतील, उद्या त्या खोलीतला एखादा कागद."

कोणीही म्हणजे कोण, ते मला पक्कं माहीत होतं.

"लिहा बाबा. पुढचा प्रश्न त्यांनीच दिलाय. ही गोष्ट कोणाला माहीत होती?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्या नणंदेला."

आईची मान गर्रकन फिरली. "तुला माहीत होतं?"

"या माहितीचा कोणी फायदा घेतला का?" वहिनी वाचल्यासारखी बोलत होती. आणि थांबली. मला कळलं की हे सगळं आता इथे अडकलंय. ती नाही म्हणाली असती तर मी सुटले असते. आणि तिची खुर्ची गेली असती, दुसऱ्यांदा खोटं म्हणून, माझ्यासाठी. मला लाज वाटते सांगायला, पण मी मनात म्हणत होते, म्हण ना नाही. तू चांगली आहेस ना सगळ्यांची? मग म्हण.

"हो," ती म्हणाली. "स्कूटर, बारा-तेरा वेळा. एक निळा ड्रेस. कानातले. एकदा सहा जणींचं जेवण."

बाबांनी ते सगळं लिहिलं. प्रत्येक शब्द. ड्रेसचा रंगसुद्धा. मग खाली स्वतःच्या नावाने दोन ओळी घातल्या, की प्रश्न वाचून उत्तर मीच लिहिलं, सुनेला बोलू दिलं नाही. त्यांचं अक्षर वाकडं आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

घरात जे झालं ते सांगत नाही. दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, एवढं पुरे. मलाही त्या ऑफिसात जावं लागलं, कारण माझं "नाही" आणि तिचं "हो" एकाच फाइलीत होतं. चौकशीवाल्या काकांनी कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, मी खोटं बोलले, मी मागितलं होतं. "घरच्या माणसांमुळेच फाइली सगळ्यात जाड होतात," ते एवढंच म्हणाले.

कर्जाचं काही कठीण गेलं नाही, हे मला आजही खटकतं. वहिनीने कंपनीत जाऊन हप्ते लहान करून घेतले. दादा म्हणाला अर्धे मी भरतो, ती म्हणाली चालेल. बस. इतकी वर्षं जे भूत तिने पोटात पाळलं होतं, ते एका दुपारी कागदावर मावलं.

पण खुर्ची नाही मिळाली.

तीन महिन्यांनी पत्र आलं. देणं हे कारण नव्हतंच, तसं स्पष्ट लिहिलं होतं. कारण होतं खोटं उत्तर आणि त्याखालची सही, आणि चूक कबूल केली ती विचारल्यावर, आपणहून नाही. वर्षभराने पुन्हा अर्ज करता येईल. वहिनीने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि कामावर गेली. मला वाटलं रडेल. मला वाटलं मला आनंद होईल. दोन्ही नाही झालं.

खुर्ची तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मिळाली, तिचाही फॉर्म आधीच गेला होता. पट्टे वाचायला तिला वहिनीनेच शिकवलं होतं. ती मुलगी ज्या दिवशी आत गेली, त्या दिवशी मी कॉलेजहून आले तर वहिनी इमारतीच्या जिन्यात खालच्या पायरीवर बसलेली. बॅग मांडीवर.

"वर का नाही गेलीस?"

"आई विचारतील कसा होता दिवस. गोड बोलता येणार नाही आज मला."

मी बसले शेजारी. आमचं त्या महिन्यांत मीठ दे, दार लाव, इतकंच बोलणं होतं.

"दार बंद होताना माझ्याकडे बघून हसली ती," वहिनी म्हणाली. "चांगलं हसली गं. मनापासून. म्हणूनच मला..."

"डोक्यात गेली."

"हो!" ती एवढ्या जोरात म्हणाली की वरून कोणीतरी डोकावलं. "तिला अजून कड नीट धरता येत नाही. हाताला घाम येतो तिच्या. माझी काच आहे ती, दोन महिने ती त्यावर घाम गाळणार. मला वाटलं, पडू दे तिच्या हातून. एक क्षण वाटलं. काच पडावी असं मला वाटलं! मला!"

"एकच क्षण? मला तीन वर्षं वाटत होतं तू या जिन्यावरून पडावीस."

बोलून गेले. नेहमीसारखंच, आधी तोंड मग डोकं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेवटी शेवटी ते हसणं होतं की काय मला सांगता येणार नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलणार? मी तुझ्याकडे बघत बसायचे. तू उलटून बोलतेस, दारं आपटतेस, आई ओरडतात, आणि अर्ध्या तासाने तू जेवायला येऊन मोठा वाटा मागतेस. इतकं वाईट वागून परत मोठा वाटा! मला असं एकदाही जमलं नाही. ना माहेरी, ना इथे. भयंकर हेवा वाटायचा तुझा."

माझा. हेवा. तिला.

"मग आता काय करायचं?" तिने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत विचारलं. "उद्या परत तिच्याच शेजारून जायचंय. दार तिच्यासाठी उघडणार. हे जळणं जातं का गं?"

मला विचारत होती. अख्ख्या घरात या विषयातली जाणकार मीच, तेव्हा बरोबर माणसाला विचारलं म्हणायचं.

"नाही जात," मी खरं ते सांगितलं. "पण जेवल्यावर जरा कमी होतं. आणि तिच्याबद्दल अजून काही वाईट असेल तर सांग, त्याने पण होतं."

ती विचारात पडली. "टोपी वाकडी घालते."

"छी. अजून?"

"नाव विसरते लोकांची. फोरमनला एकदा काका म्हणाली."

"अजून?"

आम्ही तिथेच बसून राहिलो. वरून आईने दोनदा हाक मारली, आम्ही दोघींनीही ओ दिली नाही. वहिनीला आठवत होतं ते ती एकेक सांगत होती, आणि मध्येच थांबून म्हणाली, "पण हात हलका आहे हं तिचा. खोटं कशाला बोलू."

"वहिनी!"

"आहे गं. काय करू?" ती म्हणाली, आणि परत तिचे डोळे भरून आले. "परत अर्ज करायला अकरा महिने आहेत अजून."